इटेनच्या शाळेतील झाडे

केनियाच्या पश्चिम भागात, केरिओ नदीच्या खोल दरीच्या अगदी कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर इटेन नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. आपल्या महाबळेश्वरहून ते हजार मीटरांनी उंच. एल्डोरेट शहराकडून येणारा रस्ता गावात शिरतो तेथे एक कमान उभी आहे आणि ‘विजेत्यांचे माहेरघर’ अशा अर्थाचे शब्द तीवर झळकत आहेत. गावाने स्वतःच स्वतःला असा किताब बहाल करावा, हे कोणाला बढाईचे वाटेल. परंतु त्या कमानीखालून धावत गेलेल्यांची नावे ऐकली की बढाईचा आरोप मागे घ्यावा लागतो. आम्हांस मात्र कमानीपेक्षा अधिक बोलके वाटते ते त्याच गावातील सेंट पॅट्रिक्स हायस्कूलचे आवार. या शाळेच्या ज्या धावपटूंनी जगात नाव काढले, त्यांच्या नावाने तेथे झाडे लावली आहेत. झाडापाशी एक पाटी, पाटीवर नाव, बस्स. पुतळा नाही, संगमरवर नाही.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना शर्यतीचा आणि नाशवंत मुकुटाचा दृष्टांत घेतला, तो सहज सुचला म्हणून नव्हे. करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत असत. विजेत्याच्या मस्तकी तेथे पाइन वृक्षाच्या डहाळ्यांचा, काही काळ तर वाळक्या रानभाजीचा, मुकुट चढवीत. चार दिवसांत तो कोमेजून जाई. करिंथकरांना हे चांगले ठाऊक असल्यामुळे दृष्टांताचे मर्म त्यांना फोड करून सांगावे लागले नसेल. इटेनच्या शाळेने डहाळी तोडण्याऐवजी रोपच लावले. या रोपांची हकीकत म्हणजे एका आडगावच्या शाळेची आणि एका व्रतस्थ बंधूची हकीकत आहे. ती येथे सांगण्यात आमचा हेतू केवळ खेळाचा नाही. आपण सन्मान कोणाचा करतो, केव्हा करतो आणि आपल्या सत्काराच्या यादीतून कोण निसटून जातो, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या शिक्षणावर इंग्रजी राजवटीने घातलेली बंधने नुकती सैल होऊ लागली होती, त्या काळात, १८०८ साली, टलो या गावी बिशप डॅनिएल डिलेनी यांनी शिक्षणकार्यासाठी बंधूंचा एक संघ स्थापन केला. हेच पॅट्रिशियन ब्रदर्स. आपल्या देशाला ते परके नाहीत. १८७५ मध्ये ते मद्रासला आले. अड्यारची व मसुरीची त्यांची शाळा अनेकांच्या परिचयाची आहे. पूर्व आफ्रिकेत त्यांनी इटेनला शाळा काढली ती १९६१ साली, म्हणजे केनिया स्वतंत्र होण्याच्या दोन वर्षे आधी. डोंगरावरची वसतिशाळा, भोवती मक्याची शेते, लाल मातीचे रस्ते आणि कालेंजिन जमातीची शेतकरी व गुराखी कुटुंबे. शाळेचा उद्देश सरळ होता: या मुलांना शिकवून पुढे पाठवावे.

धावण्याची परंपरा त्या मुलखात शाळेपूर्वीही होती. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये त्याच भागातील किपचोगे केइनो यांनी १,५०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून केनियाचे नाव जगाच्या तोंडी होते. पण नंतर खंड पडला. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, त्याचा निषेध म्हणून १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकवर आफ्रिकेतील बहुतेक राष्ट्रांनी बहिष्कार घातला. केनिया त्यांत होता. १९८० साली मॉस्कोलाही केनियाचे खेळाडू गेले नाहीत. धावपटूंची एक पूर्ण पिढी ऐन उमेदीत घरी बसली. न्यायाच्या बाजूने उभे राहण्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते. ती या तरुणांनी मोजली, आणि त्यांच्या नावाने कोठे झाड नाही.

त्याच १९७६ साली कॉलम ओकॉनेल नावाचे अठ्ठावीस वर्षांचे पॅट्रिशियन बंधू इटेनला भूगोल शिकवण्यासाठी आले. ते आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातले. काही काळ राहावे आणि परतावे, एवढाच त्यांचा विचार होता. ॲथलेटिक्सचे त्यांना कसलेही शिक्षण नव्हते. स्वतः ते धावपटू नव्हते. शाळेत त्या वेळी पीटर फॉस्टर नावाचे एक तरुण इंग्रज शिक्षक मुलांकडून धावण्याचा सराव करून घेत. येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. माँट्रिऑलला केनियाचे धावपटू नव्हते, त्याच ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक ब्रेंडन फॉस्टर यांनी जिंकले. हे ब्रेंडन म्हणजे इटेनच्या पीटर मास्तरांचे सख्खे भाऊ. पीटर फॉस्टर यांना मदतनीस हवा होता, म्हणून ब्रदर कॉलम मैदानावर उभे राहू लागले. थोड्याच दिवसांत फॉस्टर मायदेशी गेले आणि मैदान ब्रदरांकडे आले.

ज्याला विषयातले काही येत नाही त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. येत असल्याचा आव आणावा, किंवा मुलांकडे बारकाईने पाहत राहावे. ब्रदर कॉलम पाहत राहिले. कोण कशी पावले टाकतो, कोणाचे खांदे ताठरतात, कोण दमल्यावर मान टाकतो, कोण जिंकल्यावर चेहरा लपवतो, हे सारे ते वर्षानुवर्षे टिपत गेले. शिक्षक आपल्या वर्गाकडे जसा पाहतो तसेच ते पाहणे होते. पुढे या निरीक्षणातून त्यांची एक पद्धत घडली. ‘फास्ट’ या इंग्रजी शब्दाच्या चार अक्षरांत त्यांनी ती बसवली: एकाग्रता, शरीराची सरळ ठेवण, स्थैर्य आणि अचूक वेळ साधणे. अवजड यंत्रे नाहीत, प्रयोगशाळा नाही. मुलांना लहान वयात पिळून काढायचे नाही, यावर त्यांचा कटाक्ष. सोपे धावणे खरोखर सोपे असावे आणि कठीण धावणे मोजके असावे. शाळेच्या मैदानाखेरीज जवळचे कामारिनी मैदान होते. तेथील धावपट्टीही मातीचीच.

पहिली चमक दाखवली ती चेरुइयोत जुळ्या भावांनी. किपकोएच चेरुइयोतने १९८३ मध्ये १,५०० मीटरचा कुमार गटाचा जागतिक विक्रम केला, तर चार्ल्स १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत सहावा आला. याच शाळेचे दुसरे एक विद्यार्थी इब्राहिम हुसेन अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकले, १९८७ मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली आणि १९८८ मध्ये बोस्टनची. बोस्टनची मॅरेथॉन जिंकणारे ते पहिले आफ्रिकी. १९९१ व १९९२ मध्ये ती त्यांनी पुन्हा जिंकली. येथे एका मुस्लिम नावाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. बंधूंच्या कॅथलिक शाळेने हुसेनलाही आपलाच म्हटले. मिशनच्या शाळांविषयी आपल्याकडे बरेच तावातावाने बोलले जाते. त्या बोलण्यात अशी उदाहरणे क्वचितच येतात.

मग १९८८ चे सोल ऑलिम्पिक आले. १,५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत इंग्लंडचे स्टीव्ह क्रॅम आणि पीटर एलियट यांच्यावर साऱ्यांच्या नजरा होत्या. जिंकला पीटर रोनो, वय वर्षे २१, सेंट पॅट्रिक्सचा माजी विद्यार्थी आणि तेव्हा अमेरिकेतील माउंट सेंट मेरीज या कॅथलिक महाविद्यालयात शिकणारा. शर्यतीच्या उत्तरार्धात त्याने आघाडी घेतली आणि ती कोणास दिली नाही. त्या अंतरावरील तो सर्वांत तरुण ऑलिम्पिक विजेता ठरला. त्याच अंतिम शर्यतीत किपकोएच चेरुइयोतही होता. जगभरातून निवडून आलेल्या मोजक्या धावपटूंत एका खेडेगावच्या शाळेचे दोघे! रोनोला पुढे त्या तोलाचे दुसरे यश लाभले नाही. क्रीडालेखकांच्या दृष्टीने तो एका दिवसाचा राजा. झाडाला मात्र हा हिशेब कळत नाही. ते दरवर्षी वाढते. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली, त्यांतील सुवर्णपदक याच शाळेच्या मॅथ्यू बिरिर यांचे होते.

एवढे यश एकाच ठिकाणी का, याची कारणे शोधण्यास पंडित तेथे जाऊन आले. कोणी उंचीवरच्या विरळ हवेकडे बोट दाखवले, कोणी लांब पोटऱ्यांकडे, कोणी मक्याच्या उगालीकडे, कोणी शाळेपर्यंत धावत जाण्याच्या सवयीकडे. यांत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. उंचीवर राहणाऱ्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी वाढतात, हे शास्त्र आहे. पण ती हवा आणि ती उंची १९७६ पूर्वीही तेथेच होती. तशीच उंची जगात इतरत्रही आहे. या मुलखातील मुलांना एक वसतिशाळा मिळाली, ठरलेल्या वेळी उठणे, जेवणे, अभ्यास आणि सराव मिळाला, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे पाहणारा एक प्रौढ माणूस मिळाला. शिवाय रोनो आणि हुसेन यांच्या पिढीला धावणे ही अमेरिकेतील विद्यापीठाची वाट होती. पाय पुढे न्यायचे ते पुस्तकांपर्यंत. नंतर रस्त्यावरच्या शर्यतींत बक्षिसांच्या मोठ्या रकमा आल्या आणि ही वाट उलटी फिरली. पुष्कळ मुले शाळा अर्धवट सोडून शर्यतींच्या मागे लागली. पैसा गरिबाच्या घरी आला याचे दुःख मानणे अन्यायाचे होईल. पण शाळा सुटली याचे दुःख मानायलाच हवे.

१९८९ पासून ब्रदर कॉलम यांनी शाळेच्या सुट्टीत इतर शाळांतील मुलामुलींसाठी सराव शिबिरे सुरू केली. शिबिर एप्रिलमध्ये, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आज इटेनमध्ये जागोजागी दिसणाऱ्या सराव शिबिरांचे मूळ येथे आहे. आमच्या मते या कामाची योग्य नोंद अद्याप झालेली नाही, कारण मुलांच्या शाळेच्या मैदानावर मुलींना हक्काची जागा त्यामुळे मिळाली. तोवर केनियाच्या धावण्याच्या कीर्तीत स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. मुलीने धावावे कशासाठी, घरी पाणी कोण भरील, हा प्रश्न तेथेही आपल्यासारखाच होता. या शिबिरांतून आलेल्या लिडिया चेरोमेईने १९९१ मध्ये अँटवर्प येथे जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धेत कुमारींची शर्यत जिंकली, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती.

याच लिडियावर २००५ मध्ये निषिद्ध औषधाच्या वापराबद्दल दोन वर्षांची बंदी आली, हेही येथेच लिहिले पाहिजे. गौरवपर लेखांत अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. तिने इतिहास बिघडतो. गेल्या काही वर्षांत केनियाचे कितीतरी धावपटू या दोषापायी स्पर्धांबाहेर गेले, त्यांत मोठी नावे आहेत. झाडे लावणाऱ्या शाळेला ही जोखीम पत्करावी लागते. दगडावर कोरलेले नाव छिन्नीने काढता येते. लावलेल्या झाडाचे काय करायचे, याचे उत्तर सोपे नाही. आणि तेरा वर्षांच्या मुलीची शर्यत खरी नव्हती असे तरी कोणी का म्हणावे?

आता ८०० मीटरची गोष्ट. इटेनचे नाव या अंतराशी जसे जोडले गेले आहे तसे दुसऱ्या कोणत्याही अंतराशी नाही. इंग्लंडच्या सेबॅस्टियन को यांनी १९८१ मध्ये केलेला १ मिनिट ४१.७३ सेकंदांचा विक्रम सोळा वर्षे टिकला. १९९७ मध्ये तो मोडला सेंट पॅट्रिक्सच्या विल्सन किपकेटरने. १९९० साली हा तरुण शिक्षणासाठी डेन्मार्कला गेला आणि तेथेच स्थायिक झाला. नागरिकत्वाचे कागद वेळेत पुरे न झाल्यामुळे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला तो मुकला. पुढच्या वर्षी त्याने विक्रम १ मिनिट ४१.११ सेकंदांवर आणून ठेवला. विक्रमाच्या नोंदीत देशाचे नाव डेन्मार्क असे लागले. झाडाच्या मुळांना पारपत्र लागत नाही, एवढेच यावर म्हणता येईल.

त्याचा विक्रम मोडणारा डेव्हिड रुडिशा सेंट पॅट्रिक्सचा विद्यार्थी नव्हे. तो मसाई जमातीतला, दूरच्या किलगोरिस भागातला. इटेनच्याच सेंट फ्रान्सिस किमुरोन शाळेत शिकलेला. त्याचे वडील डॅनिएल रुडिशा यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोला रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले होते. मुलगा सुरुवातीस ४०० मीटर धावे. ८०० मीटर धावून पाहा, असे त्याला ब्रदर कॉलम यांनी सुचवले. २००६ मध्ये तो कुमारांचा जगज्जेता झाला. २००८ चे ऑलिम्पिक दुखापतीने हुकले, २००९ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीही गाठता आली नाही. गुरू आणि शिष्य दोघेही शांत राहिले. २०१० च्या ऑगस्टमध्ये, एका आठवड्यात दोनदा, त्याने किपकेटरचा विक्रम मागे टाकला.

९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये अंतिम शर्यत झाली. ऑलिम्पिकमध्ये वेग राखून देणारा सहकारी नसतो. म्हणून अशा शर्यती सहसा सावधपणे, शेवटच्या शंभर मीटरांवर जिंकल्या जातात. रुडिशा पहिल्या पावलापासून पुढे झाला आणि शेवटपर्यंत एकटाच पुढे राहिला. वेळ १ मिनिट ४०.९१ सेकंद. दुसऱ्या आलेल्या बोट्स्वानाच्या नायजेल अमोसची वेळ बरोबर १ मिनिट ४१.७३ सेकंद, म्हणजे को यांचा जुना विक्रम. आणि स्वतः को या ऑलिम्पिकच्या संयोजन समितीचे अध्यक्ष म्हणून तेथे होते. सर्वांत शेवटी, आठव्या क्रमांकावर आलेल्या धावपटूची वेळसुद्धा मागील तीन ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळवून देण्याइतकी होती. एकाने आपले सर्वस्व ओतले आणि बाकीचे बहुतेक जण आपल्या आजवरच्या मर्यादेपलीकडे ओढले गेले, असे दृश्य क्रीडांगणावर फार विरळ.

ब्रदर कॉलम ती शर्यत पाहण्यास लंडनला नव्हते. इटेनमध्ये, दूरदर्शनच्या पडद्यावर त्यांनी ती पाहिली.

या वाक्यापाशी आम्ही थबकतो. ख्रिस्तसभेत ‘ब्रदर’ या शब्दाला आपण काय स्थान देतो? तो मिस्सा करीत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. म्हणून सणासमारंभात व्यासपीठावरच्या खुर्च्या फादरांनी आणि सिस्टरांनी भरल्या की उरलेल्या कोपऱ्यात त्याला उभे केले जाते. “फादर होता आले नाही का?” असा प्रश्न ब्रदरांना विचारणारे भले लोक आमच्या धर्मग्रामांत आजही भेटतात. खरे तर वसईकरांना हा प्रश्न पडूच नये. आपला संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हता. फ्रान्सिस्कन संघाचा तो साधा बंधू होता, फादरांचा दुभाषा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे तो क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संतपदास पोहोचला. भारतभूमीत जन्मलेला पहिला संत हा एक ब्रदर आहे. त्याच्या नावाच्या शाळा आणि संस्था आपण काढल्या. त्याच्या व्रताचे मोल मात्र ध्यानी घेतले नाही.

प्रशिक्षकाचे कामही या बंधुव्रतासारखेच आहे. शर्यत त्याची नसते. आपल्या शाळांतून जून महिना आला की गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शालान्त परीक्षेत पहिले आलेले, शाल, श्रीफळ, छायाचित्र. जिल्ह्याला धावून आलेली मुलगी त्या रांगेत कधी दिसते, कधी नाही. तिला पहाटे मैदानावर घेऊन गेलेले पी.टी.चे सर तर फोटो काढताना बाकडी उचलत असतात. इटेनच्या शाळेनेही झाडे धावपटूंचीच लावली, पण त्या आवारातच ब्रदर राहतात. येताजाता त्यांना ती दिसतात.

इटेनच्या वैभवाची दुसरी बाजू १३ ऑक्टोबर २०२१ रोजी जगापुढे आली. ॲग्नेस तिरोप ही पंचवीस वर्षांची धावपटू गावातील आपल्या घरी भोसकलेल्या अवस्थेत मृत आढळली. २०१५ ची क्रॉस-कंट्री जगज्जेती, १०,००० मीटरमध्ये दोनदा जागतिक कांस्यपदक मिळवणारी ही तरुणी अवघ्या महिन्यापूर्वी जर्मनीत दहा किलोमीटरच्या महिलांच्या शर्यतीचा जागतिक विक्रम करून परतली होती. तिच्या पतीवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. मुलगी धावू लागते, पैसा येऊ लागतो, आणि तिच्या पायांवर तिच्याखेरीज दुसऱ्यांचा हक्क सुरू होतो. तिचे पती, तिचे व्यवस्थापक, तिचे स्वयंघोषित गुरू. तिच्या मैत्रिणींनी तिच्या नावाने संस्था काढली आणि अशा मुलींना आसरा व सल्ला देण्याचे काम हाती घेतले. मुलीला मैदान देणे पुरेसे नसते, मैदानावरून ती परत कोणत्या घरी जाते हेही पाहावे लागते. शिबिरात आलेल्या मुलींवर वडिलकीची नजर ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या ब्रदरचे महत्त्व त्या बातमीनंतर आम्हांस अधिक कळले.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मोनॅको येथे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ब्रदर कॉलम ओकॉनेल यांना प्रशिक्षक म्हणून केलेल्या कार्याबद्दल पुरस्कार दिला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि भूगोल शिकवायला इटेनला येऊन त्यांना त्रेचाळीस वर्षे झाली होती. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये केनियाच्या इमॅन्युएल वान्योन्यीने ८०० मीटर शर्यत १ मिनिट ४१.१९ सेकंदांत जिंकली. रुडिशाच्या विक्रमाला त्याचा हात पाव सेकंदाहून किंचित अधिक अंतराने लागला नाही.